गोंदरची रिकामी खुर्ची

सन १९६८च्या पावसाळ्यात आम्ही उभयता नोकरीसाठी इथिओपियाला निघालो, तेव्हा आळीतल्या कित्येकांना तो देश नकाशावर दाखवावा लागला. हे हायस्कुलात इंग्रजी शिकवीत, मीही बी. टी. होऊन तोच विषय शिकवू लागले होते. दोघांच्या पगारात बिऱ्हाड जेमतेम चाले. तिकडच्या सरकारला इंग्रजीचे शिक्षक हवेत, अशी जाहिरात यांनी वर्तमानपत्रात पाहिली. मुलाखतीत त्यांनी मलाही नेमून टाकले. जोडप्याला घर एकच लागते, हा त्यांचा सरळ हिशेब! निघताना सासूबाईंनी मेतकूट आणि लोणचे बांधून दिले आणि विचारले, "साहेबाची भाषा शिकवायला साहेब सोडून तुम्हाला ग कशाला बोलावतात?" मी हसून वेळ मारून नेली.

आमची नेमणूक गोंदरला झाली. सतराव्या शतकातले हे राजधानीचे गाव. फासिलादास राजाचा किल्लेवजा वाडा अजून गावात उभा आहे. हवा महाबळेश्वरासारखी गार. तेफ नावाच्या बारीक धान्याचे पीठ आंबवून तिथे इंजेरा करतात. ती पाहून मला आंबोळीची आठवण झाली. घड्याळाने मात्र आमची फजिती केली. तिथे दिवसाचे तास सूर्योदयापासून मोजतात. आपले सकाळचे आठ ते त्यांचे दोन. शिपाई "दोन वाजता या" म्हणाला आणि पहिल्याच दिवशी आम्ही जेवूनखाऊन दुपारी शाळेत हजर! वर्षाचे महिने तेरा, त्यांतला शेवटचा पाचसहा दिवसांचा. आणि साल आपल्याहून सातआठ वर्षे मागे.

पगारपत्रकासाठी कारकुनाने मला वडिलांचे नाव विचारले. मी यांचे नाव सांगितले, तर तो हसला. तिथे बायको नवऱ्याचे नाव लावीत नाही. माहेरच्या नावाने, स्वतःच्या हाती पगार घेताना त्या दिवशी मला उगीचच चार बोटे उंच झाल्यासारखे वाटले.

मुलांचे सहावीपर्यंतचे शिक्षण अम्हारिक भाषेत होई आणि सातवीपासून भूगोल, गणित, शास्त्र सारे एकदम इंग्रजीत. वरचे वर्ग यांच्याकडे, सातवी माझ्याकडे. मुले चुकत, पण त्या चुका माझ्या ओळखीच्या होत्या. अम्हारिकमध्येही मराठीसारखे क्रियापद वाक्याच्या शेवटी येते. मुले इंग्रजीतही ते तसेच शेवटी नेऊन ठेवीत. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेशी झटापट करताना मी तरी दुसरे काय केले होते? मला वाटले, सासूबाईंच्या प्रश्नाचे उत्तर हेच. वाटेतला खड्डा ठाऊक असतो तो त्यात एकदा पडलेल्याला! पण ते अर्धेच उत्तर होते.

शाळेत इंग्रजी शिकवणारे बहुतेक आम्ही भारतीय, त्यांतही केरळचे जास्त. शिवाय अमेरिकेच्या पीस कोअरमधले दोघेतिघे तरुण. इथिओपियन शिक्षक होते ते अगदी कोवळे. अम्हारिक शिकवणारे एक वृद्ध गुरुजी होते. त्यांना मी एकदा विचारले, "तुमच्याकडचे पन्नाशी-साठीतले इंग्रजी-फ्रेंच शिकलेले लोक दिसत नाहीत ते कुठे गेले?" कॉफीचा पेला खाली ठेवून ते म्हणाले, "ते एकोणतीस साली गेले." मी बुचकळ्यात पडले. इटालियन फौजा आल्या १९३५ साली. मग एकोणतीस साली काय झाले? रात्री यांनी बोटांवर आठ मोजले आणि ते गप्प झाले. गुरुजींचे १९२९ म्हणजे आपले १९३७.

त्या वर्षी १९ फेब्रुवारीला अदिस अबाबात इटालियन व्हाइसरॉय ग्राझियानी याच्यावर दोघा तरुणांनी हातबॉम्ब टाकले. तो वाचला. पण पुढचे तीन दिवस शहरात कत्तल चालली, हजारो माणसे मेली. त्यानंतर परदेशी शिकून आलेल्या तरुणांना हुडकून हुडकून गोळ्या घातल्या. सम्राट हैले सेलासी यांनी ज्यांच्या हाती शाळा आणि कचेऱ्या द्यायच्या, ती पिढीच कापली गेली.

सन १९४१मध्ये इटालियनांचा पाडाव झाला. त्या मोहिमेत एरिट्रियातल्या केरेनच्या डोंगरावर आपली मराठा पलटणही लढली होती, म्हणजे बंदुका घेऊन मराठी माणूस आमच्या आधीच तिकडे जाऊन आला होता. सम्राट ५ मे १९४१ रोजी राजधानीत परतले. युद्धापूर्वी शाळांतून फ्रेंचचा मान मोठा होता. आता तो इंग्रजीकडे आला. देश इंग्रजांची वसाहत कधीच नव्हता, पण शाळा उघडायच्या तर शिक्षक बाहेरूनच आणावे लागणार. मी ज्या खुर्चीवर बसत होते, ती कोणाची असायला हवी होती, हे तेव्हा मला कळले.

सन १९७४च्या सप्टेंबरात सम्राट पदच्युत झाले. नव्या लष्करी राजवटीने विद्यापीठ आणि शाळांचे वरचे वर्ग बंद करून सुमारे साठ हजार विद्यार्थी व शिक्षक खेडोपाडी कामाला पाठवले. यांचे वर्ग ओस पडले. १९७५ साली हजेरीपट कारकुनाच्या हाती देऊन आम्ही परतलो. पुढे १९७६ ते १९७८ या काळात 'लाल दहशत' झाली आणि पुन्हा शिकलेलीच मुले रस्त्यारस्त्यांवर मारली गेली. या वेळी मारणारे परके नव्हते. गोंदरमध्ये तर तिने कहर केला.

त्या बळींचे संग्रहालय अदिस अबाबात २०१० साली उघडले. भिंतींवर त्यांचे फोटो लावले आहेत. ते फोटो नातवाने मला दाखवले. हे तेव्हा नव्हते. मी चष्मा पुसून एकेक चेहरा पाहिला. सातवीतली मुले विशीत कशी दिसतात, हे मला कुठे ठाऊक होते?

सासूबाईंना उत्तर द्यायचे राहूनच गेले. आज देता आले असते, तर इतकेच म्हणाले असते, "साहेबाच्या भाषेचे तेवढे काही नव्हते, आई. खुर्ची रिकामी होती, म्हणून बोलावले."