उचलता येणारा संगणक आणि न उचलता येणारी मराठी



गेल्या ऑक्टोबरपासून मला एकच प्रश्न येतोय. "काका, जुना लॅपटॉप आता बदला म्हणतात, कोणता घेऊ?" १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला, आणि बऱ्याच घरांतली जुनी यंत्रं विंडोज ११ घेत नाहीत, म्हणून ही धांदल. विचारणारे बहुतेक आपल्यातलेच आहेत. कुणी कुळाचा इतिहास लिहितंय, कुणी आईच्या ओव्या उतरवून घेतंय, कुणी आजोबांच्या जुन्या फोटोंना मथळे देतंय. मी पडलो बी.कॉम. झालेला निवृत्त बँकवाला. कॉम्प्युटर इंजिनियर नव्हे. पण बडोद्यात राहून पन्नास वर्षं मराठी कागद हाताळतोय, त्यामुळे एक गोष्ट ठाम सांगू शकतो. आपल्या बाबतीत लॅपटॉपचा इतिहास वजनाचा कमी आणि अक्षरांचा जास्त आहे. तो थोडा समजला की कोणता घ्यायचा हे निम्मं आपोआप ठरतं.

मांडीवर ठेवून लिहिणं आपल्याला नवीन नाही. बैठकीवर बसून, गुडघा उभा करून, त्यावर कागद धरून मोडी लिहिणारे कारकून इथल्या सरकारी दफ्तरांत पिढ्यान्‌पिढ्या होते. बोरू, दौत, आणि कागद बांधायला रुमाल. सगळा संसार बगलेत मावायचा. आणि मुख्य म्हणजे बडोद्यात लिहिलेला कागद पुण्यात, इंदुरात, ग्वाल्हेरीत मोडी जाणणाऱ्या कुणालाही वाचता यायचा. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागेल.

मग टंकलेखन यंत्र आलं. मी १९७३ ला बँकेत लागलो तेव्हा शाखेत इंग्रजी यंत्रं दोन आणि देशी लिपीचं एक, तेही कोपऱ्यात. इंग्रजीचं सोपं होतं, सव्वीस अक्षरं लहान नि मोठी. देवनागरीची गंमत वेगळी. साधारण शेहेचाळीस कळा, प्रत्येकीवर दोन खुणा, म्हणजे फार तर ब्याण्णव. त्यात स्वर, व्यंजनं, अर्धी अक्षरं, मात्रा, रफार, अंक सगळं बसवायचं. रेमिंग्टनच्या मांडणीत अर्धं अक्षर उमटवून त्याला काना जोडला की पूर्ण अक्षर व्हायचं. युक्ती सुंदर, पण जोडाक्षरांची पार दशा. परदेशात तेव्हा पेटीत घालून नेता येतील अशी छोटी यंत्रं लेखकांच्या हाती होती. ऑलिवेट्टीचं लेट्टेरा २२ हे १९५० चं मॉडेल चार किलोंच्याही आत होतं. आमचं देवनागरी धूड उचलायला शिपाई लागायचा.

आता खऱ्या लॅपटॉपकडे. कल्पना जुनी आहे. १९७२ मध्ये ॲलन के नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने 'डायनाबुक' नावाचं यंत्र कागदावर मांडलं. वहीएवढं, चार पौंडांच्या आत, आणि मुलांनी त्यावर चित्रं काढावीत, संगीत रचावं, लिहावं यासाठी. बघा, पहिली कल्पनाच सर्जनाची होती, हिशेबाची नाही. प्रत्यक्षात १९८१ ला जे बाजारात आलं ते ऑस्बोर्न १. वजन अकरा किलो, पडदा पाच इंची, बॅटरी नाही, किंमत १७९५ डॉलर. शिवणयंत्राच्या पेटीसारखं दिसायचं आणि तरी त्याला 'पोर्टेबल' म्हणत. पण त्यासोबत वर्डस्टार आणि सुपरकॅल्क हे कार्यक्रम किमतीतच मिळायचे, त्यामुळे लिहिणाऱ्यांनी ते उचललं. (उचललं म्हणजे विकत घेतलं. अक्षरशः उचलायला पैलवान हवा!)

याचा कर्ता ॲडम ऑस्बोर्न याचं बालपण तमिळनाडूत गेलं होतं. वडील आर्थर ऑस्बोर्न रमण महर्षींचे भक्त, तिरुवण्णामलईला राहिलेले. २००३ मध्ये ॲडम वारला तोही कोडाईकॅनालला. उचलून न्यायचा संगणक जगाला विकणारा माणूस शेवटी आपल्याच देशात विसावला, हे मला फार उशिरा कळलं आणि फार आवडलं.

१९८२ च्या ग्रिड कंपासने पडदा पुस्तकासारखा मिटवायची पद्धत आणली. १९९१ च्या ॲपल पॉवरबुकने कळफलक मागे सरकवून पुढे मनगट टेकायला जागा केली. आज तुमच्यासमोर जो कोणता लॅपटॉप असेल त्यात ही जागा आहेच. लांब लिहिणाऱ्यासाठी याहून मोठी सोय कुठली नाही असं माझं मत.

आमच्या बँकेत या काळात काय चाललं होतं? १९८३ ला संघटना आणि बँका यांच्यात यंत्रीकरणाचा करार झाला, १९८४ ला डॉ. रंगराजन समितीचा अहवाल आला, मग खतावणीची यंत्रं शाखांत शिरली. नोकऱ्या जातील म्हणून घोषणा देणारे आम्हीच, आणि रात्री व्याजाचा ताळा एका फटक्यात जुळल्यावर खूश होणारेही आम्हीच. पण ते सगळं इंग्रजीत. ग्राहकाचं नाव सुद्धा इंग्रजी स्पेलिंगात. मराठी गेली ती सरळ डी.टी.पी.च्या दुकानात.

नव्वदच्या दशकात रावपुरा, दांडिया बाजार भागात ही दुकानं झाली. श्री-लिपी, आकृती अशी फॉन्टची पॅकेजेस होती. सुबक अक्षरं, छपाई झकास, खोटं कशाला बोला. पण आत मेख होती. त्या फॉन्टमध्ये 'क' हा संगणकाच्या लेखी 'क' नव्हताच. इंग्रजी अक्षरांच्या खणांत मराठीची चित्रं बसवलेली. कोणत्या खणात कोणतं चित्र हे प्रत्येक पॅकेजचं वेगळं. शिवाय कित्येक पॅकेजेसना संगणकामागे एक कुलूप खोचावं लागे. ते त्या एका यंत्रालाच. म्हणजे संगणक मांडीवर आला, पण मराठी मजकूर त्या दुकानाच्या उंबऱ्याबाहेर पडेना. फ्लॉपी घेऊन दुसरीकडे गेलात तर पडद्यावर इंग्रजी अक्षरं, प्रश्नचिन्हं आणि स्वल्पविरामांचा चिवडा.

आणि आपल्याकडे अजून एक खास दुखणं, अर्धा र. जुळवणी करणारी मुलं बहुतेक गुजराती, हुशार, भराभर हात चालणारी. पण 'ऱ्य' त्यांच्या लिपीत नाही. त्यामुळे आमच्या एका स्मरणिकेत लग्नाच्या आठवणीत 'आचाऱ्यांनी जिलब्या तळल्या' याचं 'आचार्यांनी जिलब्या तळल्या' झालं, आणि सह्याद्रीच्या दऱ्यांचा दर्या झाला. हसलो आम्ही. सगळ्याच गोष्टी हसण्यावारी नेता आल्या नाहीत.

१९९७ ला एका मंडळाच्या स्मरणिकेसाठी आमच्या ओळखीच्या एका आजींनी आठवणी सांगितल्या होत्या. वय पंचाहत्तर, स्मरण लखलखीत. त्यांच्या वहीतली एकेचाळीस पानं टाइप झाली. स्मरणिकेत जागा तीनच पानांची, म्हणून बाकीचं "पुढच्या अंकात" म्हणून ठेवलं. पुढचा अंक निघाला नाही. टाइप झालंय म्हणून वही दुकानातून रद्दीत गेली. आजी २००४ ला गेल्या. त्यांच्या मुलीने २०११ ला कपाटातून तीन फ्लॉप्या आणून माझ्या हातात ठेवल्या.

बाहेरून जोडायचा फ्लॉपी ड्राइव्ह मिळवला. तिसरी फ्लॉपी काही केल्या वाचता आली नाही. पहिल्या दोन वाचल्या, पण तोच चिवडा. ते फॉन्टचं पॅकेज कोणाकडे उरलं नव्हतं. शेवटी छापील तीन पानं शेजारी ठेवून, चिवड्यातलं कोणतं चिन्ह म्हणजे कोणतं अक्षर याचा तक्ता मी केला. खातेवहीत ताळमेळ घालतात तसाच. मग भाच्याने त्यावरून रूपांतराचा छोटा कार्यक्रम लिहून दिला. एकोणतीस पानं वाचली. बारा गेली. पहिल्या फ्लॉपीवर आजींनी सांगितलेल्या मथळ्यांची यादी होती, म्हणून काय गेलं ते ठाऊक आहे. 'महाराज गेले तेव्हा', म्हणजे फेब्रुवारी १९३९, सयाजीरावांच्या निधनाच्या बातमीने हललेलं बडोदं, एका सतरा वर्षांच्या मुलीने पाहिलेलं. ते प्रकरण तिसऱ्या फ्लॉपीवर होतं.

हे सगळं टळू शकलं असतं का? त्या वेळी कठीणच. तोडग्याची तयारी मात्र चालू झाली होती, आणि त्यात आपल्या माणसांचा मोठा हात आहे. कानपूरच्या आय.आय.टी.त भारतीय लिप्यांचं तंत्र तयार झालं, ते १९८८ ला पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅकने पुढे नेलं. १९९१ ला 'इस्की' हे भारतीय प्रमाण ठरलं. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती आली आणि तिच्यात देवनागरी होती. प्रत्येक अक्षराला जगभर एकच क्रमांक, ही साधी गोष्ट. पण सामान्यांच्या संगणकावर ते उतरलं विंडोज २००० पासून, 'मंगल' या फॉन्टसह. तो रेखाटला रघुनाथ कृष्ण जोशी यांनी. आय.आय.टी. मुंबईत शिकवणारे, सुलेखनकार आणि कवीही. कॅलिग्राफीचा माणूस यंत्राच्या पोटात शिरला आणि आपल्या जोडाक्षरांची लाज राखली. ते २००८ ला गेले. आज तुम्ही मोबाइलवर हे वाचताय आणि 'आचाऱ्यांनी' नीट दिसतंय, त्याच्यामागे या सगळ्यांचे कष्ट आहेत.

योगायोग असा की त्याच २००८ च्या जानेवारीत स्टीव्ह जॉब्सने कागदी पाकिटातून मॅकबुक एअर काढून दाखवला. १.३६ किलो. म्हणजे यंत्र हलकं झालं आणि मराठीही मोकळी झाली, दोन्ही साधारण एकाच दशकात. माझ्या हिशेबी आपला लॅपटॉप तेव्हा जन्मला. मोडी कागदासारखा, इथे लिहिलेला आणि कुठेही वाचता येणारा.

आता प्रश्नाकडे. मी स्वतः गेल्या वर्षी बदलला, तो कशावरून ठरवला ते सांगतो, कंपनीचं नाव विचारू नका.

पहिला हिशेब कामाचा मांडला. चार बाय सहा इंची जुना फोटो ६०० डीपीआयवर रंगीत स्कॅन केला की दाब न देता सुमारे २६ एमबी होतो. असे पाचशे म्हणजे १३ जीबी. (त्या १.४४ एमबीच्या फ्लॉप्या लावायच्या तर एका फोटोला अठरा लागतील!) वृद्ध माणसाचं तासभर बोलणं चांगल्या प्रतीत, एका चॅनेलवर, ३१७ एमबी. त्यावरून ५१२ जीबीचा एसएसडी आणि १६ जीबी मेमरी ठरवली. मेमरीत काटकसर नको, कारण हलक्या लॅपटॉपमध्ये ती बहुधा बोर्डावरच डाखलेली असते आणि नंतर वाढवता येत नाही. दुकानदाराला हे आधी विचारा.

वजन सव्वा किलो, पडदा चौदा इंची. पंधरा-सोळा इंची मोठा दिसतो, पण तो घरीच राहतो. आपलं काम दुसऱ्याच्या घरी असतं, सतरंजीवर, झोपाळ्यावर, प्लग लांब असतो. पडदा चकचकीत नको, रंग खरे दाखवणारा हवा. दुकानात शंभर टक्के एसआरजीबी म्हटलं की समजतं. पिवळट फोटो दुरुस्त करताना पडदाच निळसर असेल तर आजोबांचा अंगरखा भलत्याच रंगाचा होऊन बसतो. खेळांसाठीचे ते लाल-निळे दिवे लागणारे जाड लॅपटॉप नातवांना ठेवा. आपल्याला त्यांचा पंखा नको, कारण ध्वनिमुद्रणात तो आजींच्या आवाजामागे घोंघावतो. बिनपंख्याची यंत्रं आता मिळतात. मॅकबुक एअरचं २०२० चं एम१ मॉडेल तसंच होतं, आणि पुढे इतरांचीही आली.

कळफलकावर बोटं पाच मिनिटं चालवून पाहा, लाजू नका. मराठीसाठी मी इनस्क्रिप्ट वापरतो. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजनं, पंधरा दिवसांत बसतं. ज्यांचा हात रेमिंग्टनवर बसलाय त्यांना तीही मांडणी मिळते. बोलून टाइप करणं २०१७ पासून मराठीत आहे, पण ओव्यांवर ते अडखळतं, आणि 'ऱ्य' तपासावा लागतोच.

किंमत सत्तर हजारांच्या घरात गेली. सहा वर्षं धरली तर महिन्याला हजाराच्या आत, घसारा वगैरे सगळं धरून. शिवाय एक बाहेरची डिस्क घेतली. प्रत्येक मजकुराच्या तीन प्रती ठेवतो, एक यंत्रात, एक डिस्कवर, एक पुण्याच्या पुतण्याकडे. मजकूर युनिकोडमध्ये आणि साध्या फाइलीत. डिझाइनची फाइल वेगळी, मजकूर वेगळा.

जुना लॅपटॉप विकायची घाई करू नका. त्यात कुणाची फॉन्टची पॅकेजेस असतील तर ती सोन्यासारखी आहेत. आणि घरात १९९० ते २००५ मधल्या फ्लॉप्या, सीडी असतील तर मला आधी कळवा. माझा फ्लॉपी ड्राइव्ह अजून चालतो, आणि तो अक्षरांचा तक्ता आता चार वेगवेगळ्या फॉन्टांचा झालाय. बुधवारी आणि शनिवारी दुपारी चारनंतर मी घरीच असतो. येताना छापील एखादं पान मिळालं तर तेही आणा, ताळा जमवायला लागतं.