उपधा आणि असत्यशोधक यंत्र

राज्यसेवेंत माणूस घेतांना त्याची शुचिता कशी पारखावी, हा प्रश्न राज्यसंस्थेइतकाच जुना आहे. त्याचीं दोन उत्तरें, एक कौटिलीय अर्थशास्त्रांतील व दुसरें विसाव्या शतकांतील अमेरिकेंतील, शेजारीं ठेवून पाहण्याचा येथें हेतु आहे.

अर्थशास्त्राच्या पहिल्या अधिकरणाच्या दहाव्या अध्यायांत अमात्यपरीक्षेच्या चार 'उपधा' सांगितल्या आहेत. पदच्युत पुरोहिताकरवीं राजा अधार्मिक असल्याची चिथावणी देणें ही धर्मोपधा. सेनापतीकरवीं द्रव्यलोभ दाखविणें ही अर्थोपधा. परिव्राजिकेकरवीं राणीच्या अनुरागाचा खोटा निरोप धाडणें ही कामोपधा. आणि अटकेंत टाकून राजवधाची फूस देणें ही भयोपधा होय. पहिलींत उतरेल त्यास न्यायदानाचें काम, दुसरींत उतरेल त्यास करवसुली व कोश, आणि चारींत उतरेल त्यास मंत्रिपद द्यावें. चारींत फसलेल्यासहि खाणी, अरण्यें व कारखाने येथें नेमावें. त्याचें पोट तोडलेलें नाहीं.

अमेरिकेंत ह्याच कामास यंत्र लाविलें गेलें. रक्तदाब, नाडी व श्वसन यांची अखंड नोंद करणारें साधन बर्कले येथील पोलीस खात्यांतील जॉन लार्सन यानें १९२१ सालीं सिद्ध केलें; लिओनार्ड कीलर यानें तें पुढें सुधारिलें. रक्तदाबावरून सत्यासत्य ठरविणारी तत्सम परीक्षा १९२३ सालीं फ्राय खटल्यांत न्यायालयानें पुरावा म्हणून अमान्य केली. तथापि दुसऱ्या महायुद्धानंतर ओक रिज येथील अणुकारखान्यांत व पुढें सी. आय. ए. या गुप्तवार्ता संस्थेंत ती सेवकांस लागू झाली. १९८८ च्या कायद्यानें बहुतेक खाजगी धन्यांस हें यंत्र नोकरांवर चालविण्याची बंदी झाली; सरकारास मात्र सूट राहिली.

ह्या यंत्राचें फळ काय? सी. आय. ए.मधील ऑल्ड्रिच एम्स १९८५ पासून सोव्हिएट रशियास गुपितें विकीत होता. १९८६ व १९९१ सालीं तो ह्या परीक्षेंतून सुखरूप पार पडला, आणि १९९४ सालीं पकडला गेला. २००३ सालीं अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेनें एक हिशेब मांडला: १०,००० सेवकांत १० हेर असल्यास, त्यांतील ८ हुडकण्याइतकी परीक्षा कडक केली तर सुमारें १,६०० निर्दोषहि दोषी ठरतील. कारण उघड आहे. यंत्रास असत्य दिसत नाहीं, देहाचा क्षोभ दिसतो. आणि आपल्यावर संशय आहे एवढ्यानेंच सज्जनाची छाती धडधडूं शकते.

उपधा माणसाची कृति पाहते, यंत्र त्याचा घाम पाहतें, हा भेद खरा. परंतु तेवढ्यावरून पूर्वजांचा जयजयकार करणें योग्य नव्हे. चार उपधांवरून पदें वांटण्याचा क्रम मूळ ग्रंथांत 'आचार्यांचें मत' म्हणून आला आहे, हें पुष्कळदां नजरेआड होतें. त्यापुढें कौटिल्य स्वतःचें मत वेगळें देतो. राजानें स्वतःस किंवा राणीस परीक्षेचें लक्ष्य करूं नये. निर्मळ पाण्यांत विष कालवावें तसें अदुष्टास दूषित करूं नये, कारण एकदां बिघडलेलें मन पूर्वस्थितीस येईलच असें नाहीं, असा त्याचा आशय आहे. म्हणून लक्ष्य बाहेरचें असावें व गुप्तचरांकरवीं शोध घ्यावा, असें तो सुचवितो.

सारांश, परीक्षा परीक्ष्याचा नाश करूं शकते, ही शंका त्या कठोर राजनीतिज्ञासहि आली होती. ज्या सरकारास आपल्या प्रजेचें खाजगी धन्यापासून रक्षण करावेंसें वाटलें, त्यास तीच शंका स्वतःच्या सेवकांविषयीं येऊं नये, हें नवल होय.