वीस वर्षांच्या सिस्टरची परीक्षा

परिचारिकांच्या सक्तीच्या प्रशिक्षणाचा आणि कौशल्य-प्रमाणपत्रांचा विषय निघाला की एक वाक्य हमखास कानावर येते: ‘वीस वर्षे वॉर्ड सांभाळलेल्या सिस्टरला आता कोण शिकवणार?’ मेट्रनच्या केबिनमध्ये ते म्हटले जाते, संघटनेच्या सभेत म्हटले जाते, आणि ज्यांनी आयुष्यात कधी ‘ओव्हर’ (ड्युटी बदलताना पेशंटची सूत्रे) दिलेली-घेतलेली नाही असे डॉक्टर व अधिकारीही त्यावर मान डोलावतात. इतक्या परस्परविरोधी मंडळींचे ज्या गोष्टीवर एकमत होते ती जरा तपासून पाहिलेली बरी.

पूर्वपक्ष असा. परिचर्या ही हाताची विद्या आहे. नवा इंटर्न शीर शोधत चार ठिकाणी टोचतो तिथे जुनी सिस्टर पहिल्याच फटक्यात सुई लावते. पेशंटचे काहीतरी बिनसते आहे हे तिला मॉनिटरच्या आधी कळते. अशा बाईला दर पाच वर्षांनी नोंदणीच्या नूतनीकरणासाठी प्रशिक्षणाचे तास गोळा करत फिरवणे हा तिचा अपमान आहे. दुसरे, हे तास म्हणजे निव्वळ कागद. तिसरे, वॉर्डात आधीच माणसे नाहीत. त्यांतली एक प्रशिक्षणाला गेली की उरलेल्यांचे कंबरडे मोडते. आणि चौथे म्हणणे सहसा हळू आवाजात येते: आज प्रमाणपत्र घ्या, उद्या काही विपरीत घडले की तेच प्रमाणपत्र पुढे करून ‘तुम्हाला तर शिकवले होते’ म्हणायला वरचे मोकळे.

यांतली शेवटची तीन म्हणणी बव्हंशी खरी आहेत. पण ती प्रशिक्षण कसे दिले जाते याबद्दलची आहेत, ते हवे की नको याबद्दलची नाहीत. अनुभव असला की फेरतपासणी नको, हे पहिले म्हणणे मात्र चूक आहे, आणि नेमके तेच सर्वांना पटते.

या मताला फार थोर आधार आहे, आणि तो सांगायला हवा. 1887 साली इंग्लंडमध्ये बेडफर्ड फेनविकबाईंच्या पुढाकाराने परिचारिकांची संघटना उभी राहिली आणि परीक्षा घेऊन सरकारी नोंदणी व्हावी अशी मागणी पुढे आली. तिला सर्वांत वजनदार विरोध झाला तो फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंचा. चांगली परिचारिका परीक्षेच्या कागदावर ओळखता येत नाही, हे त्यांचे म्हणणे. नोंदणीचा कायदा झाला 1919 मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर नऊ वर्षांनी. आपल्याकडचे परीक्षाविरोधक नकळत त्यांचीच बाजू मांडत असतात. पण बाईंच्या युक्तिवादाचा दुसरा अर्धा भाग सोयीस्करपणे विसरला जातो. प्रमाणपत्र ती मुलगी त्या दिवशी कशी होती एवढेच सांगते, दहा वर्षांनी ती कशी आहे हे त्यावरून कळत नाही, ही त्यांची खरी तक्रार होती. एकदाच्या परीक्षेवर त्यांचा विश्वास नव्हता तो परिचर्या सतत पुढे जाणारी विद्या आहे म्हणून. त्यांचा आधार घेऊन फेरतपासणीला विरोध करणाऱ्याने त्यांचे अर्धेच ऐकले आहे.

आता अनुभवाकडे वळू. अनुभव शिकवतो, यात वाद नाही. पण काय शिकवतो? जी गोष्ट रोज घडते आणि चुकली तर तिथल्या तिथे कळते, ती. सुई शिरेत गेली की रक्त मागे दिसते, नाही गेली तर दिसत नाही. असा जबाब दिवसात वीस वेळा मिळत असेल तर हात बसणारच. जिथे यांतली एक अट तुटते तिथे वीस वर्षांचा अनुभव आणि दोन वर्षांचा अनुभव यांत फारसा फरक उरत नाही.

पहिली तुटते ती वारंवारतेची अट. प्राथमिक आरोग्य केंद्रात रात्री दोन वाजता बाळंतपणाला आलेल्या बाईला झटका येतो, रक्तदाब प्रचंड वाढलेला आहे. अशा वेळी सिस्टरने मॅग्नेशियम सल्फेटचा पहिला डोस देऊन तिला पुढे पाठवायचे असते. एका अँप्युलमध्ये औषध असते 1 ग्रॅम, डोस असतो 10 ग्रॅम. म्हणजे झटका आलेली बाई समोर असताना दहा अँप्युल फोडायच्या, दोन सिरिंजमध्ये पाच-पाच भरायच्या आणि दोन्ही कुल्ल्यांत स्नायूत खोलवर द्यायच्या. कूस वळवायची, जीभ आणि श्वास सांभाळायचा, गाडी बोलवायची, हे वेगळेच. लहान केंद्रातल्या सिस्टरवर असा प्रसंग कित्येक वर्षांत एखाद्या वेळी येतो. तिने हजार बाळंतपणे केली असतील, पण या एका कामात ती नवशिकीच असते, आणि त्यात तिचा काहीही दोष नाही. जन्मल्यावर न रडणाऱ्या बाळाचेही तेच. शंभरातल्या साधारण दहा बाळांना श्वास सुरू करायला काहीतरी मदत लागते, बॅग-मास्कची पाळी त्याहून कमी बाळांवर येते. वर्षाला शंभर बाळंतपणे होणाऱ्या केंद्रात ती तीन सिस्टरांत वाटली गेली तर एकीच्या वाट्याला अशी किती बाळे येतील? आणि हातात असतो एक मिनिट.

दुसरी अट जबाबाची, आणि ती लसीकरणात सर्वांत ठळकपणे तुटते. आरोग्यसेविका व्हॅक्सिन कॅरिअर घेऊन निघते. त्यातल्या आइसपॅकवर घाम येईपर्यंत आणि हलवल्यावर आत पाणी खळखळेपर्यंत थांबायचे असते, कारण थेट फ्रीझरमधून काढलेला पॅक पेंटाव्हॅलंटसारखी लस गोठवतो आणि गोठलेली लस निकामी होते. कुपीवरचा व्हीव्हीएमचा (व्हॅक्सिन व्हायल मॉनिटरचा) चौकोन फक्त उष्णतेने रंग बदलतो, गोठण्याची खबर तो देत नाही. म्हणजे गोठून गेलेल्या कुपीवरही चौकोन ‘वापरा’ असेच सांगत राहतो. बाळाला टोचले, त्या दिवशी काही झाले नाही, पुढच्या महिन्यातही काही झाले नाही. घाईत पॅक थेट भरायची सवय पंधरा वर्षे चालली तरी तिला कोणी टोकणारे भेटत नाही. उलट ‘इतकी वर्षे करते आहे, कुठे काय झालं?’ असा आत्मविश्वास वाढतो. न धुतलेल्या हाताचेही असेच. टाका चौथ्या-पाचव्या दिवशी चिघळतो तेव्हा पेशंट घरी असतो.

तिसरी गोष्ट शास्त्राची. तीस वर्षांपूर्वी जीएनएम झालेल्या सिस्टरला शिकवले होते की बाळ बाहेर येताच प्रत्येकाचे तोंड-नाक सक्शनने साफ करायचे, नाळ लगेच बांधून कापायची, पहिलटकरणीला छेद द्यायचाच. रडणाऱ्या, चांगल्या बाळाला सक्शन नको, नाळेला एक ते तीन मिनिटे हात लावू नको, छेद गरज असेल तरच, असे आज सांगितले जाते. त्या सिस्टरने तीस वर्षे निष्ठेने जे केले ते त्या काळी बरोबरच होते, पण अनुभवाने तिला नवे कोण सांगणार? अनुभव जुनी गोष्ट अधिक सफाईने करायला शिकवतो. डॉक्टरही यातून सुटत नाहीत. 2005 साली चौधरी, फ्लेचर व सूमराय यांनी प्रसिद्ध केलेल्या आढाव्यात, डॉक्टरांच्या सेवेची वर्षे आणि उपचारांचा दर्जा तपासणाऱ्या अभ्यासांपैकी निम्म्याहून अधिक अभ्यासांत, वर्षे वाढली तसा दर्जा घसरलेला आढळला. तेव्हा ‘आधी डॉक्टरांची परीक्षा घ्या’ असे कोणी म्हणाले तर माझे उत्तर ‘जरूर घ्या’ असे आहे.

इथवर पटले तरी जाणकार विरोधक एक हुकमी पान टाकील, आणि टाकावेच. उत्तर प्रदेशातल्या 120 आरोग्य केंद्रांत ‘बेटरबर्थ’ नावाचा मोठा प्रयोग झाला. त्यामागे अतुल गावंडे होते. अमेरिकेतले हे शल्यविशारद म्हणजे यवतमाळ जिल्ह्यातल्या उटी गावच्या गावंड्यांचे चिरंजीव. बाळंतपण करणाऱ्या परिचारिकांना सुरक्षित प्रसूतीची तपासणी-यादी दिली, शेजारी उभे राहून मार्गदर्शन करणारे प्रशिक्षक दिले. निकाल 2017 साली आला: परिचारिकांच्या कामात सुधारणा झाली, पण माता-बालमृत्यू कमी झाले नाहीत. मग कशाला हा खटाटोप?

मला हा निकाल प्रशिक्षणाच्या विरुद्ध वाटत नाही, भाबड्या आशेच्या विरुद्ध वाटतो. यादीतली कामे दोन महिन्यांनी सुमारे 73 टक्के होत होती, जिथे प्रशिक्षक नव्हते तिथे सुमारे 42 टक्के. प्रशिक्षकांच्या भेटी थांबल्यानंतर चार महिन्यांनी, बाराव्या महिन्यात, 73 चे 62 झाले. चार महिन्यांत एवढी गळती होत असेल तर कौशल्य हे एकदा भरून ठेवायचे धान्य नाही, एवढे तरी त्यातून सिद्ध होते. मृत्यू कमी झाले नाहीत, कारण आईला वाचवायला रक्त लागते, शस्त्रक्रिया लागते, वेळेवर गाडी लागते. ते सिस्टरच्या हातून कसे होणार?

याच्या शेजारी गडचिरोली ठेवा. डॉ. अभय व राणी बंग यांच्या ‘सर्च’ने 39 गावांत, थोडेसे शिकलेल्या बायकांना नवजात बाळाची घरी काळजी घ्यायला शिकवले. 1999 साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या निष्कर्षानुसार तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांपेक्षा 62 टक्क्यांनी उतरला होता. या प्रयोगाचे गोडवे आपण खूप गातो, पण दर पंधरा दिवसांनी डॉक्टर प्रत्येक गावात जाऊन त्या बाईची नोंदवही तपासत, चुका दाखवत, पुन्हा शिकवत, हे क्वचितच सांगतो. फरक घडवणारी गोष्ट ती होती, असे माझे मत आहे. त्या बायकांकडे ना पदवी होती ना वीस वर्षांची सेवा. त्यांच्याकडे नियमित येणारा तपासनीस होता.

आता विरोधकांच्या खऱ्या तक्रारींकडे. भारतीय परिचर्या परिषदेने नूतनीकरणासाठी पाच वर्षांत 150 तासांचे सततशिक्षण ठरवले, म्हणजे वर्षाला 30. प्रत्यक्षात ते कसे भरतात ते सगळ्यांना ठाऊक आहे. नाइट करून आलेली सिस्टर सभागृहाच्या मागच्या रांगेत डुलक्या घेते, पडद्यावर स्लाइड सरकतात, दुपारी जेवण, संध्याकाळी बॅनरसमोर ग्रुप फोटो आणि प्रमाणपत्र. याला कागदी म्हणणाऱ्यांशी भांडण्यात अर्थ नाही. तास मोजायला हजेरीपट पुरतो, हात तपासायला तपासणारा लागतो, म्हणून तास मोजले जातात.

हात तपासण्याची रीत मात्र अज्ञात नाही. लेबर रूमच्या दर्जासाठी 2017 मध्ये आलेल्या ‘लक्ष्य’ कार्यक्रमात ओएससीई पद्धतीची कौशल्य-चाचणी आहेच. टेबलावर बाळाचा पुतळा, अँब्यू बॅग, दोन मापांचे मास्क. परीक्षक हातात यादी घेऊन गप्प उभा. ‘बाळ रडत नाही, करा’ एवढेच सांगतो. लेखी परीक्षेत मिनिटाला 40 ते 60 श्वास हे अचूक लिहिणारी सिस्टर मोठा मास्क उचलते, तो डोळ्यांवर येतो, मान गरजेपेक्षा मागे जाते, बॅग नियमित दाबली जाते आणि छाती हलत नाही. पाच मिनिटांत दुरुस्ती होते: मास्क बदल, मान सरळ आण, पुन्हा दाब. छाती उचलली. ही चूक सभागृहात तीस तास बसून सापडली नसती, आणि पुतळ्यावर सापडली नसती तर एखाद्या बाळावर सापडली असती.

माणसांच्या टंचाईबद्दल तर दुमत नाहीच. शिक्षण रुग्णालयाच्या साध्या वॉर्डात तीन रुग्णांमागे एक परिचारिका हा परिषदेचाच निकष. रात्री अख्ख्या वॉर्डाला एकच सिस्टर, हे आपल्याकडचे ओळखीचे चित्र. पण टंचाई हे शिक्षण टाळण्याचे कारण होऊ शकत नाही. परिचर्या-संशोधक लिंडा एकेन यांनी नऊ युरोपीय देशांतल्या रुग्णालयांचा अभ्यास 2014 मध्ये प्रसिद्ध केला. परिचारिकेवर एक रुग्ण वाढला की शस्त्रक्रियेनंतरच्या मृत्यूची शक्यता 7 टक्क्यांनी वाढते, आणि पदवीधर परिचारिकांचे प्रमाण 10 टक्क्यांनी वाढले की ती 7 टक्क्यांनी घटते, असे दोन्ही त्यात निघाले. संख्या मागताना शिक्षण सोडून द्यायचे, किंवा शिक्षण लादताना संख्या विसरायची, या दोन्ही वाटा चुकीच्या आहेत.

आणि भीती. 9 जानेवारी 2021 च्या पहाटे भंडारा जिल्हा रुग्णालयातल्या नवजात कक्षाला आग लागून 10 बाळे गेली. पुढच्या कारवाईत परिचारिकाही सापडल्या. विजेची उपकरणे, आगीची सूचना देणारी यंत्रणा यांची देखभाल परिचारिकेच्या हातात नसते. असे पाहिलेल्या बायका नव्या प्रमाणपत्राकडे संशयाने बघतात, यात नवल काय? चाचणीचा निकाल शिस्तभंगाच्या फायलीत जाणार असेल तर चाचणीत कोणी चूक उघड होऊ देणार नाही, मग ती घेण्यात काही हशील नाही.

तेव्हा महाराष्ट्र परिचर्या परिषदेने आणि आरोग्य विभागाने एवढे करावे. 150 तासांतले निदान एक तृतीयांश तास खाटेजवळच्या किंवा पुतळ्यावरच्या चाचणीलाच मिळावेत. ती ड्युटीच्या वेळेत, बदली सिस्टर देऊन, दर सहा महिन्यांनी थोडी-थोडी व्हावी. तपासनीस म्हणून बाहेरचा वक्ता बोलावण्याऐवजी त्याच कामात मुरलेल्या इन्चार्ज सिस्टरला तयार करावे आणि त्या कामाचा तिला वेगळा मोबदला द्यावा. निकाल शिकवण्यासाठीच वापरला जाईल, असे लेखी द्यावे. आणि परिचारिकांच्या संघटनांनी ‘परीक्षा नको’ ही घोषणा सोडून याच अटींवर परीक्षा मागून घ्यावी.