मुल्हेरची महमुदी आणि साखळी टाक्याचा अंगरखा

थ्रेड 🧵 : जुनी भरतकामाची वस्त्रे संग्रहालयात इतकी थोडी का उरली?

१/
सटाणा हे आज बागलाण तालुक्याचे मुख्य ठिकाण आहे. डाळिंब, द्राक्षे, कांदा आणि देव मामलेदारांचे मंदिर ही त्याची ओळख. सतराव्या शतकात मात्र याच परिसरातून गुजरात आणि दख्खन यांना जोडणारी एक महत्त्वाची वाट जात होती. या वाटेवरून घोडे, मीठ, चांदी आणि कापड जात असे. आजचा विषय त्यातील कापडाचा आहे.

२/
अबुल फजलच्या ‘आईन-ए-अकबरी’त बागलाणची नोंद आहे. डोंगराळ पण सुपीक मुलूख, उत्तम फळे आणि बळकट किल्ले, असे त्याचे वर्णन येते. त्या किल्ल्यांत साल्हेर आणि मुल्हेर हे प्रमुख होत. येथे बागुल घराण्याचे राज्य होते आणि मुल्हेर हे त्यांचे सत्ताकेंद्र होते.

३/
मुल्हेरला टाकसाळ होती. तेथे पाडलेले ‘महमुदी’ हे चांदीचे नाणे केवळ बागलाणात चालत नसे, तर सुरतेच्या बाजारातही त्याला मान होता. साधारण पाच महमुद्या म्हणजे दोन मोगली रुपये, असा हिशेब असे. इंग्रज आणि डच वखारवाल्यांच्या कागदपत्रांत कापडाच्या किमती अनेकदा महमुद्यांत मांडलेल्या दिसतात.

४/
याचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. युरोपातील श्रीमंतांच्या घरी गुजराती भरतकामाचे पडदे, पलंगपोस आणि रजया जात होत्या. त्या ज्या बाजारात खरेदी होत, तेथील चलनाचा एक भाग सटाण्याजवळच्या एका डोंगरी राज्यात घडत होता. जागतिक कापडव्यापाराचा एक दोरा असा थेट मुल्हेरच्या पायथ्याशी येऊन पोहोचतो.

५/
मुल्हेरच्या महमुद्या आजही नाण्यांच्या संग्रहांत पाहावयास मिळतात. परंतु त्या मोजून जे कापड घेतले गेले, त्याचे काय झाले? चांदी चारशे वर्षे टिकते, कापड टिकत नाही, हे उत्तर सोपे आहे आणि अपुरेही. कापड केवळ जीर्ण झाले म्हणून नाहीसे झाले नाही. बऱ्याचदा ते जाणूनबुजून नष्ट केले गेले.

६/
प्रथम, टिकलेल्या एका वस्त्राकडे पाहू. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात पांढऱ्या साटिनचा एक मोगल अंगरखा आहे. त्याचा काळ साधारण १६२० ते १६३० मानला जातो. त्यावर झाडे, फुले, पक्षी आणि वन्य प्राणी अत्यंत बारीक रेशमी साखळी टाक्यात भरलेले आहेत. संग्रहालयात तो १९४७ साली दाखल झाला.

७/
साखळी टाका ही गुजराती कारागिरांची खासियत. तेथील मोची समाजाचे लोक चामडे शिवण्याच्या आरीसारख्या, टोकाला आकडा असलेल्या हत्याराने कापडावर हे काम करीत. कापड ताणून धरायचे, वरून आरी टोचायची, खालचा धागा आकड्यात पकडून वर ओढायचा आणि त्या फासातून पुढचा फास काढायचा. जोडे शिवणाऱ्या हातांनी बादशाही पोशाख सजवले, ते असे.

८/
हा अंगरखा ज्या काळातला, त्याच काळात बागलाणचा राजा मोगल दरबारात हजर झाला होता. जहांगीराच्या आत्मचरित्रात ही भेट नोंदलेली आहे. बागलाणच्या गादीवर बसणाऱ्या प्रत्येक राजाला ‘बहरजीव’ म्हणतात, हेही त्यात सांगितले आहे. दरबारी भेटीत मानाची वस्त्रे, म्हणजे ‘खिलत’, देण्याची रीत होती आणि त्या वस्त्रांच्या प्रतीवरून माणसाची पायरी ठरत असे.

९/
खिलत म्हणजे नुसती भेटवस्तू नव्हे. ती स्वीकारणे म्हणजे देणाऱ्याचे श्रेष्ठत्व मान्य करणे. १२ मे १६६६ रोजी आग्र्याच्या दरबारात शहजादे, वजीर जाफरखान आणि राजा जसवंतसिंह यांना खिलती मिळाल्या, शिवाजी महाराजांना मिळाली नाही. अपमानाच्या कारणांत हे एक मोठे कारण होते. नंतर देऊ केलेली खिलत महाराजांनी नाकारली. एका वस्त्रात केवढे राजकारण सामावले होते, हे यावरून कळते.

१०/
बागलाणचे स्वातंत्र्य फार काळ राहिले नाही. दख्खनचा सुभेदार असलेल्या शहजादा औरंगजेबाच्या फौजांनी मुल्हेरला वेढा घातला आणि १६३८ मध्ये बागुलांचे राज्य मोगल साम्राज्यात विलीन झाले. राज्य बुडाले की त्याचा जामदारखानाही, म्हणजे वस्त्रे आणि मौल्यवान वस्तूंचे कोठारही, हातचा जातो. दरबारी वस्त्रांच्या नाशाचे हे पहिले कारण : सत्तांतर.

११/
दुसरे कारण लूट. ऑक्टोबर १६७० मध्ये सुरतेची दुसरी लूट घेऊन शिवाजी महाराज बागलाणमार्गेच परतले. फेब्रुवारी १६७२ मध्ये साल्हेरच्या पायथ्याशी मराठ्यांनी मोगलांचा खुल्या मैदानात पराभव केला. सभासदाच्या बखरीत या लढाईनंतर हाती आलेल्या सव्वाशे हत्ती, सहा हजार घोडे आणि तितक्याच उंटांबरोबर जडजवाहीर आणि कापड यांचाही उल्लेख येतो.

१२/
बखरकाराने कापडाला जवाहिराच्या पंगतीत बसवले, हे लक्षात घेण्याजोगे आहे. भरजरी वस्त्र म्हणजे संपत्तीच होती. ती वाटता येत होती, बक्षीस देता येत होती, गहाण ठेवता येत होती. अशी वस्तू एका जागी पडून राहत नाही. ती हातोहात फिरते, पुन्हा कापली जाते, पुन्हा शिवली जाते आणि शेवटी तिची मूळ ओळख पुसली जाते.

१३/
तिसरे कारण सर्वांत निर्दय आहे, आणि ते घराघरात घडले. ते समजण्यासाठी जर कशी बनते हे पाहावे लागेल. चांदीच्या कांबीवर सोन्याचा पातळ थर चढवायचा. ती कांब जंतरपट्टीच्या लहान लहान होत जाणाऱ्या छिद्रांतून ओढून केसासारखी तार काढायची. ती तार ठोकून चपटी केली की ‘बादला’ होतो. बादला रेशमी धाग्याभोवती गुंडाळला की ‘कलाबतू’ तयार होतो.

१४/
म्हणजे अस्सल कलाबतूच्या प्रत्येक काठात आणि पदरात चांदी असते, आणि किंचित सोनेही. वस्त्र विरले, घर अडचणीत आले की ते जुनी जर विकत घेणाऱ्याकडे जाई. तो काठ-पदर जाळी. रेशीम जळून जाई, धातू मागे उरे. शेकडो दिवसांच्या विणकामाची किंमत अखेर तराजूतल्या काही तोळे चांदीइतकी ठरे.

१५/
यातून एक विचित्र न्याय जन्माला आला. जे वस्त्र अधिक मौल्यवान, ते जळण्याची शक्यता अधिक. लंडनमधल्या त्या अंगरख्यावरचे काम रेशमाचे आहे. त्यातून वितळवून काढण्याजोगे फारसे काही नव्हते. तो टिकण्यामागे इतर कारणे असतीलच, पण भरजरी पोशाखांवर जे संकट आले, ते त्याच्यावर आले नाही.

१६/
नाशिक जिल्ह्याला हा मुद्दा जवळचा आहे, कारण जिल्ह्याच्या आग्नेय भागात येवले आहे. पेशवाईत येथे रेशीम आणि जरीचे विणकाम बहरले. तिसरे पेशवे नानासाहेब यांच्या पत्रव्यवहारात पैठणी वस्त्रांच्या मागण्या येतात. १८८३ च्या नाशिक जिल्हा गॅझेटियरनेही येवल्याच्या रेशीम-जरीच्या उद्योगाची दखल घेतली. पैठणीचे बुट्टे भरतकामाचे नसतात, ते मागावरच विणले जातात. तरी जरीच्या वस्त्राचे भाग्य तिलाही चुकले नाही. अनेक जुन्या पैठण्या भट्टीत गेल्या.

१७/
चौथे कारण कात्री. १८६६ साली जॉन फोर्ब्ज वॉटसन याने भारतीय कापडाच्या ७०० नमुन्यांचे १८ खंड तयार केले. अशा २० प्रती काढण्यात आल्या. त्यांपैकी १३ ब्रिटनमध्ये राहिल्या आणि ७ भारतात आल्या. अखंड वस्त्रांचे तुकडे करून ते पानांवर चिकटवले होते. भारतीयांना काय आवडते हे ब्रिटिश गिरणीमालकांना कळावे आणि तसा माल यंत्रावर काढता यावा, हा उघड हेतू होता.

१८/
हे खंड आज अभ्यासकांना अमूल्य वाटतात, आणि ते खरेच आहे. परंतु त्यात तुकडा आहे, पागोटे नाही. काठ आहे, ते नेसणारी बाई नाही. वस्त्र कसे नेसले जाई, कुठे घडी पडे, कुठे घाम लागे, कुठे रफू झाले, ही सारी माहिती कात्रीने गमावली. संग्रह करणे आणि जपणे या दोन गोष्टी नेहमी एकच नसतात.

१९/
या पार्श्वभूमीवर पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयाचे महत्त्व कळते. दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) यांनी दिवे, अडकित्ते, दरवाजे, वाद्ये, वस्त्रे अशा रोजच्या वापरातल्या वस्तू आयुष्यभर गोळा केल्या. बालवयात वारलेल्या ‘राजा’ या मुलाचे नाव त्यांनी संग्रहालयाला दिले. सुमारे २०,००० वस्तूंचा हा संग्रह त्यांनी १९७५ मध्ये महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला.

२०/
केळकरांची दृष्टी राजवाड्यापुरती नव्हती. जे वापरताना कोणाला इतिहास वाटत नाही, त्यात त्यांना इतिहास दिसला. मराठी घरांत अशा वस्तू पुष्कळ असत : बाळाची कुंची, पानसुपारीची चंची, पैशाचा बटवा, रुखवतात मांडलेले कशिद्याचे रुमाल, क्रोशाने विणलेल्या लेशीची झालर. त्यांत सोने नव्हते, म्हणून त्या जळाल्या नाहीत. त्यांना किंमत नव्हती, म्हणून त्या पायपुसण्यात गेल्या.

२१/
म्हणजे कापडाच्या इतिहासाची दोन्ही टोके धोक्यात असतात. श्रीमंतांचे वस्त्र धातूसाठी मरते, गरिबांचे चिंधी म्हणून. शिवाय दोन्हींवर करणाऱ्याचे नाव नसते. महमुदीवर टाकसाळीचा ठसा असतो, पण साखळी टाक्याखाली कोणत्याही मोच्याने सही केलेली नाही. कुंचीवर ती शिवणाऱ्या आजीचे नाव नाही. वस्त्र गेले की तिच्या हाताचा एकमेव पुरावा जातो.

२२/
हा प्रश्न अजून संपलेला नाही. सटाणा, नामपूर, ताहाराबाद, येवले, कळवण, कुठल्याही गावातल्या जुन्या ट्रंकेत एखादा शालू, जरीची टोपी किंवा कुंची असू शकते. जुनी जर घेणारा आजही दाराशी येतो. त्याला ‘हो’ म्हणायचे की ‘नाही’, हा निर्णय कुठल्याही संग्रहालयाच्या हाती नसतो. तो घरातल्या माणसांच्या हाती असतो.

२३/
जपायचे ठरले तर उपाय साधे आहेत. वस्त्र प्लास्टिकच्या पिशवीत न ठेवता धुतलेल्या, मऊ सुती कापडात गुंडाळावे. वर्षातून दोनदा घडी बदलावी, कारण जुने रेशीम नेहमीच्या घडीवरच तुटते. डांबराच्या गोळ्या जरीला टेकू देऊ नयेत. जर काळवंडली म्हणून चिंचेने किंवा पावडरीने घासू नये. उन्हात वाळत घालू नये.

२४/
आणि एक काम याहून महत्त्वाचे. कागदाच्या चिठ्ठीवर लिहून ठेवावे : हे कोणाचे, कोणत्या गावचे, कोणत्या लग्नात किंवा बारशाला वापरले, कोणी शिवले. ती चिठ्ठी वस्त्राशेजारी ठेवावी. घरातील ज्येष्ठांना आजच विचारावे, कारण कापडाआधी आठवण विरते. नाव-गाव नसलेले वस्त्र संग्रहालयात सुंदर दिसते, पण फारसे बोलत नाही.

२५/
मुल्हेरची टाकसाळ बंद पडली, बागुलांचे राज्य गेले, सुरतेची भरभराट ओसरली. तिथल्या चांदीने विकत घेतलेली बहुतेक वस्त्रे राख झाली किंवा चिंध्या झाली. एक पांढरा अंगरखा मात्र चारशे वर्षांनंतरही मोच्याच्या आरीची साक्ष देतो आहे. अशी साक्ष देणारे आणखी एखादे वस्त्र बागलाणातल्या एखाद्या ट्रंकेत निघू शकते. ते भट्टीत जाण्याआधी कोणीतरी ट्रंक उघडली पाहिजे.

(समाप्त)