ओले लाकूड, कातारी आणि वर्णव्यवस्था

अंबरनाथचे शिवमंदिर शके ९८२ (इ. स. १०६०) मधले. त्याच्या शिलालेखात शिलाहार राजाचे नाव आहे, अमात्यांची नावे आहेत. दगड फोडून तो तेथवर वाहून आणणाऱ्यांची नावे मात्र कोणाला माहीत नाहीत. आपल्याकडे इतिहास असाच लिहिला गेला आहे. श्रम करणाऱ्यांचा इतिहास शोधायचा तर शिलालेख बाजूला ठेवून वस्तूंनाच प्रश्न विचारावे लागतील. त्यासाठी येथे एक अगदी साधी वस्तू घेऊ : ओल्या लाकडाची कातलेली वाटी.

ती कशी होते हे आधी समजून घेतले पाहिजे. नुकत्याच तोडलेल्या झाडात भरपूर पाणी असते. काही जातींच्या लाकडात तर कोरड्या लाकडाच्या वजनाहूनही अधिक. असे लाकूड पटाशीला मऊ लागते, लांब ओलसर ढलप्या निघतात. पण वाळताना ते आकसते, आणि सर्व बाजूंनी सारखे आकसत नाही. वलयांच्या दिशेने ते जितके आकसते, त्याच्या निम्म्याच्या आसपास गाभ्याच्या दिशेने. म्हणून अख्खा ओंडका ठेवून दिला की तडकतो. जाणता कातारी ओंडका मधोमध उभा चिरतो, गाभा काढून टाकतो आणि उरलेल्या भागातून जाड काठाची वाटी कातून घेतो. ती काही महिने सावलीत सुकते आणि सुकताना लंबगोल होते. मग तिला पुन्हा कातून गोल व पातळ केले जाते. ‘कातीव’ हा शब्द आपण आज सुडौल शरीरालाही लावतो; तो मुळात या कामातला आहे.

या कामाला एक अट आहे. तोडणे, चिरणे आणि कातणे यांत फार अंतर पडता कामा नये. इंग्लंडमधल्या चिल्टर्न टेकड्यांत खुर्च्यांचे पाय कातणारे कारागीर झाडे विकत घेऊन जंगलातच लेथ मांडीत. तोडणारा, चिरणारा आणि कातणारा तेथे एकच असे. लाकडाचा स्वभावच हे मागतो.

आपल्या गावगाड्याने काय केले? सुतार हा बलुतेदार. आकार देणे त्याचे. जळाऊ लाकूड फोडणे, सरकारी पाहुण्यांसाठी ते पुरवणे, मर्तिकाची लाकडे वाहणे, हे महाराच्या माथी मारलेले. कुऱ्हाड त्याच्या हाती होती, पटाशी नव्हती. एकच ओंडका, पण त्याला लागणारे हात जन्माने वाटून टाकलेले. जातिव्यवस्था ही केवळ श्रमाची नव्हे तर श्रमिकांची विभागणी आहे, असे बाबासाहेबांनी १९३६ साली ‘जातिभेद निर्मूलना’त मांडले. त्याचा पुरावा हवा असेल तर गावातल्या कुठल्याही काठवटीकडे पाहावे.

भांड्याचाही कायदा होता. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात विटाळलेले लाकडी पात्र तासून शुद्ध करण्याची सोय सांगितली आहे. दहाव्या अध्यायात चांडाळाला गावाबाहेर ठेवून त्याने फुटक्या भांड्यात जेवावे, असा दंडक आहे. म्हणजे लाकडाला शुद्धी आहे, माणसाला नाही! २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला जो ग्रंथ जाळला गेला, त्याच्या पानांत माणसाच्या ताटवाटीपर्यंत पोहोचलेली ही क्रूरता होती.

याच्या उलट विनयपिटकातली एक कथा पाहावी. राजगृहाच्या श्रेष्ठीने चंदनाच्या खोडाचे पात्र करवून ते उंच बांबूला टांगले आणि ऋद्धिबळाने ते उतरवील त्याला देऊ केले. पिंडोल भारद्वाजाने ते उतरवले. बुद्धांनी त्याला दोष दिला, ते पात्र मोडायला लावले आणि भिक्खूंना लाकडी पात्र वर्ज्य करून माती व लोखंडाचे पात्र ठरवून दिले. हा निर्बंध चमत्काराच्या प्रदर्शनाविरुद्ध होता, कोणाच्या जन्माविरुद्ध नव्हता. न्हावी कुळातला उपाली आणि शाक्य राजकुमार एकाच प्रकारचे पात्र घेऊन भिक्षेला निघाले.

आता पुन्हा उल्हास खोऱ्याकडे येऊ. बदलापूरपासून कर्जतपर्यंतच्या डोंगरांत कातकरी राहतात. खैराच्या गाभ्यापासून कात काढणारे म्हणून ते कातकरी. १८७८ च्या वन कायद्याने राखीव जंगले आली आणि कालपर्यंतचे तोडणे आज गुन्हा ठरले. ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतल्या तक्रारी इतक्या वाढल्या की १८८५ साली मुंबई सरकारला वन आयोग नेमावा लागला. ज्याला झाड ओळखता येत होते, त्याच्याकडून झाडच काढून घेतले गेले. वनहक्काचा कायदा यायला त्यानंतर २००६ साल उजाडले.

मग यंत्र आले. १९२२ साली काडेपेट्यांवरचा आयात कर ग्रोसला दीड रुपया झाला. हा कर टाळण्यासाठी स्वीडिश मॅच कंपनीने १९२३ साली वेस्टर्न इंडिया मॅच कंपनी, म्हणजे ‘विम्को’, काढली आणि अंबरनाथला कारखाना उभा राहिला. काडेपेटीच्या धंद्यातही लाकूड ओलेच लागते. साल काढलेला ओंडका लेथवर फिरतो, लांब पाते त्याला टेकते आणि ठाणातून कापड सुटावे तसा लाकडाचा पातळ पापुद्रा सुटत जातो. त्यातून काड्या व पेट्या होतात. लाकूड कोरडे असेल तर पापुद्रा चिरतो. वाटीचेच शास्त्र, पण कातारी मात्र आता मजूर झालेला.

यंत्राने जात मोडली का? मुंबईच्या गिरण्यांचा अनुभव बोलका आहे. विणकाम खात्यात पगार अधिक. तेथे अस्पृश्यांना मज्जाव. कारण धोट्यातल्या लाकडी कांडीवरचे सूत तोंडाने ओढून घ्यावे लागे आणि उष्ट्याचा विटाळ होई. मनूचा पात्रांचा कायदा वाफेच्या यंत्रापर्यंत पोहोचला, तो असा! १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला. फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला, ज्या जी. आय. पी. रेल्वेवर अंबरनाथ आणि बदलापूर ही स्थानके होती तिच्याच अस्पृश्य कामगारांसमोर, त्यांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे दोन शत्रू दाखवून दिले. गँगमन आयुष्यभर गँगमनच का राहतो, कारखान्यातल्या कुशल जागा त्याला का मिळत नाहीत, हा त्यांचा सवाल होता.

त्या सवालाचे थोडे उत्तर स्वातंत्र्यानंतर मिळाले. अंबरनाथला संरक्षण खात्याचे कारखाने आले, यंत्रे घडवणारी मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी आली. आयटीआयमध्ये ‘टर्नर’ हा अभ्यासक्रम आला. टर्नर म्हणजे कातारीच. राखीव जागांमुळे, ज्यांच्या बापजाद्यांच्या हाती फक्त कुऱ्हाड होती, त्यांच्या मुलांना लेथपर्यंतची वाट कायद्याने खुली झाली. हा बदल कोणाच्या दयेने झालेला नाही, तो संविधानाने झाला. म्हणूनच २०२१ साली संरक्षण कारखान्यांच्या कंपन्या केल्या गेल्या आणि जागोजागी कंत्राटी काम वाढू लागले, तेव्हा प्रश्न फक्त नोकरीचा उरत नाही. कंत्राटदाराच्या दारात आरक्षण थांबते. तेथे पुन्हा कुऱ्हाड एकाला आणि पटाशी दुसऱ्याला, अशी वाटणी सुरू व्हायला वेळ लागणार नाही.

दया पवारांच्या ‘बलुतं’पासून (१९७८) आपल्या आत्मकथनांनी भूक आणि अपमान यांची नोंद केली, ती अमूल्य आहे. आता कौशल्याचीही नोंद झाली पाहिजे. उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात रंधा मारणारा, अंबरनाथच्या शेडमध्ये लेथवर उभा राहिलेला, बदलापूरच्या वाडीवर खैर ओळखणारा, यांच्या हातांना काय येते हे त्यांनीच लिहावे, निदान सांगावे. आपला इतिहास फक्त सोसण्याचा नाही, घडवण्याचाही आहे. तो आपण लिहिला नाही, तर पुन्हा अमात्यांचीच नावे उरतील.