वाळवण आणि सावड

पावसाळ्याची बेगमी ही महाराष्ट्रातल्या घरांची फार जुनी गरज. मृग लागला की पुढचे काही महिने ताजी भाजी दुर्मीळ होई, ओढ्यानाल्यांना पूर आला की बाजाराची वाट बंद पडे आणि दमट हवेत पदार्थांना बुरशी धरे. म्हणून होळीनंतरच्या कोरड्या, तापलेल्या दिवसांत पापड, कुरडया, सांडगे, शेवया करून, कडकडीत वाळवून डब्यांत भरून ठेवत. वर्षाचा मसाला आणि मेतकूट याच दिवसांत होई. कैरीचे लोणचे मात्र शेवटी, वैशाख सरता सरता घातले जाई. उन्हाळी कामे म्हणून ओळखला जाणारा हा सारा पसारा मृगाच्या आत उरकावा लागे.

जिथे जे पिकते त्याचेच वाळवण होते. खानदेशात ज्वारीचे बिबडे आणि उडदाचे पापड, नगर-नाशिककडे बाजरीच्या खारवड्या, विदर्भात मुगवड्या, कोकणात तांदळाचे आणि नाचणीचे पापड, फणसपोळी, आंबापोळी, आमसुले. किनाऱ्यावरच्या कोळीवाड्यांत याच उन्हात बोंबील आणि सुकट वाळत असे. 

आज ज्याला पारंपरिक म्हणतात त्यातले बरेच काही तुलनेने अलीकडचे आहे. मिरची पोर्तुगिजांबरोबर सोळाव्या शतकात किनाऱ्यावर उतरली; तोवर तिखटपणासाठी मुख्यतः मिरीवर भिस्त होती. म्हणजे दह्यात भिजवून वाळवलेल्या सांडगी मिरचीचे वय काही शतकांपलीकडे जात नाही. बटाट्याचा कीस आणि साबुदाण्याच्या पापड्या त्याहून नव्या. साबुदाणा ज्या कसाव्याच्या कंदापासून होतो तोही दक्षिण अमेरिकेतून आलेला. तमिळनाडूत सेलमच्या परिसरात त्याचे कारखाने १९४० च्या दशकात उभे राहिले आणि मग उपासाचे वाळवण हा उन्हाळी कामांतला एक मोठा भागच होऊन बसला. गव्हाची कुरडई आणि डाळीचा सांडगा यांना मात्र अशा नव्याने आलेल्या पिकाची गरज कधीच पडली नाही.

उन्हाळी कामे अनेक जणींनी मिळून करायची, ही रीत हौसेतून आलेली नाही. तिचे मूळ पदार्थांच्या घडणीतच आहे. कुरडयांसाठी गहू तीन दिवस भिजवतात आणि पाणी रोज बदलतात. चौथ्या दिवशी गहू वाटून, पिळून चीक काढतात, तो रात्रभर निवळू देतात आणि वरचे पाणी ओतून टाकतात. पहाटे मीठ-हिंग घातलेल्या उकळत्या पाण्यात हा चीक ओतून सतत घाटावा लागतो, नाहीतर गुठळ्या होतात. शिजलेला चीक गरम असेपर्यंतच सोऱ्यातून पडतो. निवला की घट्ट होतो आणि मनगटे दुखेपर्यंत दाबले तरी तार सुटत नाही. त्यामुळे एकीने चुलीशी घाटायचे, दुसरीने सोऱ्या भरायचा, तिसरीने गच्चीवर पसरलेल्या जुन्या लुगड्यावर कुरडया घालायच्या आणि ऊन चढायच्या आत सगळे संपवायचे, अशी वाटणी ठरून जाई. पापडाचेही तसेच. पापडखार, मीठ, मिरी आणि हिंग घालून उडदाचे पीठ घट्ट भिजवतात आणि तेलाचा हात लावून मुसळाने किंवा वरवंट्याने कुटून लवचीक करतात. पापडखारामुळे पीठ ताणले जाते आणि पापड तळताना फुलतो. पण कुटलेल्या पिठाच्या लाट्या फार वेळ मऊ राहत नाहीत. पाच शेर उडदाचे पापड एका बाईने एका दिवसात लाटणे जवळजवळ अशक्य.

शेतात पेरणी-काढणीला एकमेकांच्या रानात राबायला जाण्याची सावड मराठी मुलखात जुनी आहे. कामाच्या बदल्यात काम, पैशाचा संबंध नाही. वाळवण हे घरातल्या बायकांच्या सावडीचे रूप होते. आज एकीकडे, परवा दुसरीकडे असे दिवस आधीच ठरत. येणारी प्रत्येक बाई आपले पोळपाट-लाटणे घेऊन येई. घरधनीण चहा-फराळाचे पाही. मुलांना उडदाच्या लाट्या तेलात बुडवून आणि वाटीभर गरम चीक मिळे, आणि त्या मोबदल्यात कावळ्या-चिमण्यांपासून वाळवण राखायचे काम त्यांच्याकडे येई. कोण कुणाकडे किती वेळ बसले याचा हिशेब कुठे लिहिलेला नसे, पण तो कुणी विसरतही नसे. एरवी घराबाहेर बसायची सोय नसलेल्या सुनांना हे दिवस बोलण्याचे, हसण्याचे, मन मोकळे करण्याचे होते. म्हणूनच कष्टाचे असूनही या कामाची बायका वाट पाहत.

या सावडीला कुंपणेही होती. जिथे सोवळेओवळे कडक पाळले जाई, तिथे पापडाच्या पोळपाटाभोवती बसणारा गोतावळा बहुधा एकाच जातीचा असे. लोणच्याच्या बरणीला पाळीतल्या बाईचा हात लागू नये, असा दंडक असंख्य घरांत होता. लग्न-मुंजीच्या आधी शुभ मुहूर्तावर पाच सुवासिनींनी सांडगे घालायचे, ही अनेक घरांतली प्रथा; तिथे विधवेला स्थान नव्हते. आणि त्याच समाजात, ज्या घरी सावड करायला माणसे पुरत नसत, तिथे मजुरीवर पापड लाटायला आणि मसाला कांडायला बोलावल्या जाणाऱ्यांत निराधार विधवा असत. या परंपरेचे कौतुक करताना ही बाजू झाकणे अन्यायाचे होईल.

वर्षभराची ही बेगमी सणासुदीला उघडे. गौरीच्या नैवेद्याच्या पानात तळलेला पापड आणि कुरडई हवीच, आणि हे पदार्थ भाद्रपदात नव्याने करणे शक्य नसते. लग्नात मुलीकडच्यांच्या रुखवतात पापड, कुरडया, शेवया, सांडगे यांची ताटे मांडली जात. मुलीच्या माहेरी किती हात कामाला होते, हेच जणू ती ताटे सांगत.

हे ज्ञान मुख्यतः हाताहातातून गेले. छापील पाकपुस्तके आल्यावर त्याला लिखित आधार मिळाला. लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणीमित्र अथवा एक हजार पाकक्रिया’ १९१० मध्ये आले, तर कमलाबाई ओगले यांचे ‘रुचिरा’ १९७० मध्ये. सासू किंवा शेजारीण जवळ नसलेल्या, शहरात नव्याने संसार मांडलेल्या बायकांना अशा पुस्तकांनी मोठा हात दिला.

मुंबईत वाळवण चाळींच्या गच्च्यांवर गेले. गिरगावातल्या अशाच एका गच्चीवर १५ मार्च १९५९ रोजी सात गुजराती गृहिणींनी पापड लाटून विकायला सुरुवात केली. समाजसेवक छगनलाल पारेख यांच्याकडून उसने घेतलेले ८० रुपये हे त्यांचे भांडवल. यातूनच पुढे ‘श्री महिला गृह उद्योग लिज्जत पापड’ ही संस्था उभी राहिली. पहिल्या पावसाळ्यात ऊन नसल्याने काम बंद ठेवावे लागले. दुसऱ्या वर्षी खाटेवर पापड पसरून खाली शेगडी ठेवण्याची युक्ती निघाली. पिढ्यान्‌पिढ्या ज्या कामाला मृगाची मर्यादा होती, ते बारमाही झाले. संस्थेतल्या बायका एकमेकींना ‘बहेन’ म्हणतात आणि सभासद हीच मालक असते. त्या सात जणींपैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. सावडीतला मजुरीविना श्रम इथे रोखीच्या कमाईत बदलला, पण मिळून करण्याची रीत टिकली.

घरोघरची सावड मात्र विरत गेली. बायका नोकरीला लागल्या, वाडे पडून इमारती झाल्या, गच्च्यांना कुलपे लागली. मसाला डंकावर कांडून मिळू लागला, पापड लाटायची यंत्रे आली. महिला बचत गटांनी हे काम उचलले. १९७५ मध्ये स्थापन झालेल्या महिला आर्थिक विकास महामंडळासारख्या संस्थांनी गट बांधायला आणि माल विकायला मदत केली. मुंबईच्या महालक्ष्मी सरस प्रदर्शनात आता बिबडे, खारवड्या आणि नाचणीचे पापड आपापल्या जिल्ह्याचे नाव लावून विकले जातात. गावाकडे आजही फाल्गुन-चैत्रात चार शेजारणी कुरडयांचा दिवस ठरवतात, आणि त्यातल्या काही पिशव्या पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांकडे, काही परदेशी मुलांच्या सामानात जातात.