केरसुणी, सतरंजी आणि व्हॅक्यूम क्लीनर : कृष्णाकाठच्या घरांतील झाडलोटीचा इतिहास

दिवाळी जवळ आली की सांगलीच्या विश्रामबागेत काय किंवा साताऱ्याच्या सदर बझारात काय, माळ्यावरचा जुना व्हॅक्यूम क्लीनर खाली उतरतो. दोन मिनिटे घरघरतो आणि कायमचा गप्प होतो. मग घरात चर्चा सुरू होते. नवा कोणता घ्यावा? पिशवीचा की बिनपिशवीचा, वायरचा की बॅटरीचा, की आपला आपण फिरणारा रोबो? दुकानदार वॅटचे आकडे सांगतो आणि जाहिरात त्याहून मोठे आकडे सांगते.

या प्रश्नासाठी इतिहासाची पाने चाळणे काहींना विचित्र वाटेल. परंतु हे यंत्र मुळात कोणत्या जमिनीसाठी घडले, कोणत्या धुळीसाठी घडले आणि ते कोणाच्या हाती पडले, हे ठाऊक नसेल तर निवड केवळ आकड्यांवरच होणार. म्हणून आजचा धागा झाडलोटीवर.

प्रथम जमीन पाहू. शंभर वर्षांपूर्वी कृष्णा, वारणा, येरळा यांच्या काठच्या बहुसंख्य घरांतील जमीन मातीची होती. मुरूम व पांढरी माती पसरायची, पाणी मारायचे, चोपण्याने चोपून घट्ट करायची आणि वर शेणाने सारवायची. अशी जमीन झिजते, भेगाळते, तिचे पोपडे निघतात. म्हणून सारवण पुन्हा पुन्हा करावे लागे. तिला झाडण्याचे साधनही मऊच हवे. शिंदीच्या पानांची केरसुणी हे ते साधन, आणि अंगण-गोठ्यासाठी काड्यांचा खराटा. या भागात झाडूला साळुता असेही म्हणतात. जुन्या माणसांच्या तोंडी तो शब्द आजही ऐकू येतो. आजचे शक्तिशाली यंत्र त्या जमिनीवर फिरवले असते तर केराबरोबर सारवणही उचलले गेले असते. घरातील केर उकिरड्यावर जाई आणि उकिरड्याचे खत शेतात. धूळ ‘टाकून देणे’ ही कल्पनाच त्या घराला फारशी लागू नव्हती.

केरसुणीला लक्ष्मी मानतात. लक्ष्मीपूजनाला नवी केरसुणी आणून तिला हळदकुंकू वाहतात, तिला पाय लागू देत नाहीत. मात्र तीच केरसुणी परंपरेने वळणारे हात प्रामुख्याने मातंग समाजाचे होते, आणि त्या समाजाची वस्ती गावकुसाबाहेर होती. लक्ष्मी घरात यायची आणि तिला घडवणारा उंबऱ्याबाहेर थांबायचा. झाडलोटीचा इतिहास सांगताना ही गोष्ट वगळून पुढे जाणे मला अप्रामाणिक वाटते.

साताऱ्यात तर याचा पुरावा थेट शाळेतच सापडतो. ७ नोव्हेंबर १९०० या दिवशी साताऱ्याच्या सरकारी शाळेत (आजचे प्रतापसिंह हायस्कूल) भिवा रामजी आंबेडकर या मुलाचे नाव दाखल झाले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पुढे ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींत आपल्या शालेय दिवसांविषयी लिहिले आहे. वर्गात त्यांना बसण्यासाठी वेगळे गोणपाट होते. शाळा झाडण्यासाठी नेमलेला नोकर त्या गोणपाटाला हात लावत नसे. म्हणून ते रोज संध्याकाळी घरी न्यायचे आणि दुसऱ्या दिवशी परत आणायचे. झाडू सगळ्या वर्गात फिरे आणि नेमका तेवढ्या एका तुकड्यापाशी थांबे. स्वच्छता आणि शुद्धता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि एकीच्या नावाखाली दुसरी किती सहज राबवली जाते, हे याहून थोडक्यात सांगता येणार नाही.

याच सुमारास, १९०१ साली, लंडनमध्ये ह्यूबर्ट सेसिल बूथ नावाच्या अभियंत्याने एका यंत्राचे प्रात्यक्षिक पाहिले. ते यंत्र हवा फुंकून धूळ उडवत होते. बूथला वाटले, फुंकण्याऐवजी ओढून का घेऊ नये? त्याने एका उपाहारगृहात खुर्चीच्या पाठीवर रुमाल ठेवला, तोंड लावून हवा आत ओढली आणि रुमालावर धुळीचा डाग उमटलेला पाहिला. पुढे त्याने बांधलेले यंत्र एवढे अवजड होते की ते घोडागाडीवर रस्त्यात उभे करून खिडक्यांतून लांब नळ्या घरात सोडाव्या लागत. १९०२ मध्ये सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकापूर्वी वेस्टमिन्स्टर ॲबीतील गालिचे या यंत्राने साफ झाले आणि त्याचा बोलबाला झाला.

येथे ‘गालिचे’ हा शब्द अधोरेखित करावा. युरोप-अमेरिकेतील सुस्थित घरांत भिंतीपासून भिंतीपर्यंत जमिनीला ठोकून बसवलेले गालिचे असत. ते वर्षातून एकदोनदा उपसून अंगणात नेऊन बडवायचे, ही एक मोठी मोहीम होती. व्हॅक्यूम क्लीनर हे मुळात या अडचणीचे उत्तर आहे. आपल्याकडे ती अडचणच नव्हती. सतरंजी, जाजम, चटई, माणदेशाकडची घोंगडी ही सारी गुंडाळून उचलता येणारी आसने. अंथरूण सकाळी वळकटी होऊन कोपऱ्यात जाई. धूळ झटकायची असेल तर वस्तूच बाहेर नेता येत होती. ज्या घरात जमिनीवर काहीच कायमचे पसरलेले नाही, तेथे केरसुणी हे मागासलेले साधन नव्हे; ते त्या घराला अचूक साजेसे साधन होते.

अमेरिकेतील ओहायो राज्यात, कँटन या गावी, जेम्स मरे स्पँग्लर हा एका दुकानाचा झाडलोट करणारा कामगार होता. त्याला दमा होता आणि झाडताना उडणारी धूळ सोसवत नव्हती. त्याने पंख्याची मोटर, खोका, झाडूचा दांडा आणि उशीचा अभ्रा जोडून हातात धरता येईल असे विजेचे यंत्र केले. १९०८ मध्ये त्याला पेटंट मिळाले. ते हक्क घेतले विल्यम हूव्हर या चामडी सामानाच्या उत्पादकाने, कारण मोटारी आल्यामुळे घोड्यांच्या साजाचा धंदा ओसरणार हे त्याला दिसत होते. पुढे कित्येक इंग्रजी घरांत हूव्हर हे नावच या यंत्राचा पर्याय बनले. १९२१ मध्ये स्वीडनच्या इलेक्ट्रोलक्सने जमिनीवर ओढत नेण्याचे, लांब नळीचे यंत्र आणले. आपल्याकडे डोळ्यांपुढे जी आकृती येते ती हीच.

साताऱ्या-सांगलीत या काळात दुसरीच क्रांती चालू होती. १९१० मध्ये औंध संस्थानच्या माळरानावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी किर्लोस्करवाडी वसवली. त्यांच्या लोखंडी नांगराला शेतकरी आरंभी बिचकत होते; लोखंडाने जमीन विषारी होईल अशी त्यांना भीती होती. नांगर, कडबा कापण्याची यंत्रे, पंप या वस्तूंनी शेतातील आणि विहिरीवरील श्रम बदलले. आणि १९३० मध्ये त्याच वाडीतून शंकरराव किर्लोस्करांनी ‘स्त्री’ मासिक सुरू केले. औताच्या कारखान्याशेजारी स्त्रियांच्या जगण्याची चर्चा करणारे मासिक छापले जावे, हा योगायोग मला नेहमी मोलाचा वाटतो. तरीही घराच्या आतील कष्टांना यंत्राची जोड मिळण्यास आणखी अर्धे शतक जावे लागले.

त्याचे एक कारण वीज. कोयना प्रकल्पातून १९६२ पासून वीजनिर्मिती सुरू झाली. पाणी सातारा जिल्ह्यातील पाटण तालुक्याचे. विजेचा मोठा वाटा मुंबई-पुण्याच्या उद्योगांकडे. ज्या खोऱ्यातील गावे धरणाखाली गेली, त्याच भागातील घरांत पुढे दशकानुदशके कंदील तेवत राहिले. सह्याद्रीपल्याड गेलेल्या पाण्याची ही बाजू धरणाच्या गौरवगाथेत क्वचितच येते.

दरम्यान घराची जमीन बदलली. आधी शहाबादी फरशी आणि सिमेंटचा कोबा, मग मोझॅक, आणि शेवटी गुळगुळीत, चकचकीत टाइल. पलंग, गादी, सोफा, पडदे आले. म्हणजेच उचलून झटकता न येणाऱ्या वस्तू आल्या. आता कुठे त्या यंत्राला आपल्या घरात काम मिळाले. १९८२ मध्ये फोर्ब्स आणि इलेक्ट्रोलक्स यांच्या भागीदारीतून युरेका फोर्ब्स उभी राहिली आणि टाय लावलेले विक्रेते दारोदार ‘युरोक्लीन’चे प्रात्यक्षिक देऊ लागले. त्यांची युक्ती साधी होती : तुमचीच स्वच्छ दिसणारी गादी घ्यायची, यंत्र फिरवायचे आणि निघालेली धूळ तुमच्यासमोर ओतायची. बूथच्या रुमालाचाच तो पुढचा प्रयोग.

पुष्कळ घरांनी यंत्र घेतले आणि माळ्यावर ठेवले. हा आळस नव्हता. फरशीवर झाडू आणि ओले फडके पुरत होते, भारनियमनाच्या काळात वीज केव्हा असेल याचा भरवसा नव्हता, आणि अनेक मध्यमवर्गीय घरांत झाडूफरशीला मोलकरीण येत होती. तिचे श्रम स्वस्त होते म्हणून यंत्र महाग वाटत होते. घरकामगारांसाठी कल्याण मंडळाचा कायदा महाराष्ट्रात झाला तो २००८ मध्ये.

रूथ श्वार्ट्झ कोवन या अमेरिकी इतिहासकार स्त्रीने १९८३ च्या आपल्या ग्रंथात एक बोचरे निरीक्षण मांडले. घरगुती यंत्रे आली तरी गृहिणीचे कामाचे तास म्हणावे तसे घटले नाहीत. गालिचे बडवण्याला पूर्वी पुरुष, मुले, नोकर हात लावत. यंत्र आल्यावर ते ‘सोपे’ झाले, म्हणून एकट्या बाईचे झाले, आणि वर्षातून दोनदा होणारे काम आठवड्याचे झाले. गाडगेबाबा हाती खराटा घेऊन गावे झाडत फिरले, कर्मवीर भाऊराव पाटलांच्या साताऱ्यातील वसतिगृहात मुले आपली कामे आपण करत. हे दोन्ही दाखले ज्या जिल्ह्याला जवळचे आहेत, तेथेही घरातील झाडू पुरुषाच्या हाती क्वचितच दिसतो.

आता बंद पडलेल्या यंत्राकडे वळू. वॅट म्हणजे यंत्र किती वीज खाते. किती ओढते हे त्यावरून कळत नाही. युरोपीय संघाने २०१४ मध्ये या यंत्रांना १६०० वॅटची आणि २०१७ मध्ये ९०० वॅटची मर्यादा घातली, आणि तेथील घरे काही अस्वच्छ झाली नाहीत. मोठा आकडा पाहून भुलू नये.

आपली धूळ मात्र ओळखावी. गळिताच्या हंगामात पेटवलेल्या पाचटाची आणि कारखान्यांच्या धुराड्यांची काजळी वाळवा, कराड, मिरज पट्ट्यातील गच्च्यांवर उतरते. ती हलकी असते, चिकट असते आणि गाळणी लवकर तुंबवते. घरात दमेकरी असेल तर पिशवीचे आणि हेपा गाळणीचे यंत्र उत्तम. ही गाळणी मूळची अणुबॉम्ब प्रकल्पातील किरणोत्सारी कण अडवण्यासाठी १९४० च्या दशकात विकसित झाली, आणि ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवते. जेम्स डायसनने ५,१२७ नमुने करून सिद्ध केलेले बिनपिशवीचे चक्रीवादळी तंत्र पिशव्यांचा खर्च वाचवते. पण त्याचे भांडे रिकामे करताना काही धूळ पुन्हा नाकात जाते. स्पँग्लरला हे आवडले नसते.

रोबो सपाट, मोकळ्या फ्लॅटमध्ये चांगला चालतो. जुन्या वाड्याचा उंबरठा त्याला ओलांडता येत नाही. बॅटरीचे काठीसारखे यंत्र हलके असते, रोज चटकन हाती येते, आणि मुलांनी सांडलेले पोहे उचलायला दुसरे काही इतके सोयीचे नाही. मात्र बॅटरी काही वर्षांत थकते, ती वेगळी बदलून मिळते का हे आधी विचारावे.

सांगलीकरांसाठी एक वेगळी गोष्ट. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी ४५ फूट. पाणी ओसरल्यावर घराघरांत राहिला तो गाळ. साध्या व्हॅक्यूम क्लीनरने ओले ओढले की मोटर जळते. ओले-सुके चालणारे यंत्र साचलेले पाणी ओढेल, पण गाळाला आधी फावडे आणि खराटाच लागतो. पूररेषेतील घराने यंत्र वरच्या मजल्यावर ठेवावे, एवढे पुरे.

खरेदीपूर्वी यंत्र दुकानातच उचलून पाहावे, आणि ते जी व्यक्ती रोज वापरणार आहे तिने उचलावे. पैसे देणाऱ्याने नव्हे. आणि पिशव्या, गाळणी, नळी हे सुटे भाग सातारा किंवा सांगलीतच मिळतात का, दुरुस्ती येथेच होते का, हे विचारावे. माळ्यावरची कित्येक जुनी यंत्रे मोटर जळाल्यामुळे नव्हे, तर शंभर-दोनशे रुपयांची पिशवी मिळेनाशी झाल्यामुळे तेथे पडून आहेत.